सहायकाला मुख्य करावं का? क्लेमसनमधला एक वाद आणि आपला एक अर्ज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा सूचना अशी होती : "आठवणी सगळेच लिहितायत, तू जरा इतिहासावर लिही." इतिहासाच्या बाईंना हे वाचून हसू येईल. सनावळ्या पाठ करायचा मला किती कंटाळा होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण बाई, एक इतिहास मला सनावळ्यांसकट पाठ आहे. तो शिवकालाचा नाही, पेशवाईचा नाही. तो अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा आहे. तो इथे का सांगते आहे, असं तुम्ही विचाराल. त्याचा आपल्या दहावीच्या वर्षाशी संबंध आहे, आणि आपल्या एका सरांशीही. तिथपर्यंत येईनच.

२००७ ते २०१२ अशी पाच वर्षं मी नोकरीनिमित्त ग्रीनव्हिल या गावी होते. तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर क्लेमसन नावाचं गाव आहे. गावाची वस्ती लहानशी, पण तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात ऐंशी हजार माणसं बसतात, आणि शनिवारी सामना असला की बसतातच. आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमच्या ऑफिसातले निम्मे लोक नारिंगी शर्टात येत. पहिल्या वर्षी मला वाटलं, कसला तरी सण असावा. एका अर्थी तो सणच होता.

खेळाबद्दल थोडं सांगते. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्यांनी तुम्हाला खाली पाडायचं. आपल्या खो-खोत तेच नऊ जण पाठलागही करतात आणि बचावही. या खेळात आक्रमण करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलायची मुभा १९६०च्या दशकात कायमची मिळाली आणि त्याबरोबर कोचही वाढत गेले. २००८ साली एका कॉलेजच्या टीमला एक मुख्य कोच आणि नऊ सहायक कोच ठेवता येत. सहायकांतही उतरंड असते. आक्रमणाची आणि बचावाची आखणी करणारे दोन 'कोऑर्डिनेटर' वरच्या पायरीवर. त्यांच्याखाली एकेका जागेचे कोच : चेंडू झेलणाऱ्यांचा वेगळा, पळणाऱ्यांचा वेगळा, धक्के देणाऱ्या धिप्पाड मंडळींचा वेगळा. शाळेच्या भाषेत सांगायचं तर मुख्याध्यापक, दोन पर्यवेक्षक आणि विषयशिक्षक. मुख्य कोच व्हायचं तर आधी कोऑर्डिनेटर व्हावं, हा तिथला रिवाज.

क्लेमसन विद्यापीठ १८८९ साली स्थापन झालं, तेव्हा ते शेतकी कॉलेज होतं. तिथे फुटबॉल आणला तो वॉल्टर रिग्ज या प्राध्यापकांनी, १८९६ मध्ये. हे गृहस्थ इंजिनियरिंग शिकवत, आणि पुढे त्याच कॉलेजचे अध्यक्ष झाले. आमच्या जमातीने फक्त पूल आणि प्रोग्रॅम केले असं नाही, एवढंच यातून सांगायचं आहे.

चाहत्यांना कोचच्या नेमणुकीत इतकं बोलायचा अधिकार आला कुठून, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. त्याचं उत्तर १९३४ सालात सापडलं. मंदीचा काळ होता, कॉलेजकडे टीमसाठी पैसा नव्हता. तेव्हा चाहत्यांची एक संघटना निघाली, तिचं नाव 'आयप्टे'. 'मी वर्षाला दहा देतो' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. वर्षाला दहा डॉलर वर्गणी. मंदीत ही रक्कम लहान नव्हती. त्या पैशातून खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. ती संघटना आजही आहे आणि वर्गणी घराण्यात चालत येते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या वडिलांनी ती आयुष्यभर भरली होती आणि त्यांच्यानंतर त्या भरत होत्या. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्याच्या आजोबांनी पैसे दिले, तो विश्वस्तांच्या निवडीत मत मांडणारच. इथेही तसंच.

त्या दहा डॉलरच्या काळात जेस नीली मुख्य कोच होते. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कॉटन बोल हा मोठा सामना जिंकून दिला आणि लगेच टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी कोण? त्यांचे सहायक फ्रँक हॉवर्ड होते. असं सांगतात की निवडीच्या बैठकीत कुणीतरी हॉवर्ड यांचं नाव सुचवलं, अनुमोदनाला कुणी पुढे येईना, तेव्हा मागे उभे असलेले हॉवर्ड स्वतःच "माझं अनुमोदन" म्हणाले आणि निवडले गेले. ते पुढे तीस हंगाम, १९६९ पर्यंत, त्या जागेवर राहिले आणि १६५ सामने जिंकले. मैदानाच्या टेकडीवर त्यांच्या नावाचा दगड आहे. प्रत्येक सामन्याआधी खेळाडू त्याला हात लावून खाली धावतात.

दुसरा दाखला १९७८चा. मुख्य कोच चार्ली पेल हंगामाच्या शेवटी फ्लोरिडाला निघून गेले. विद्यापीठाने डॅनी फोर्ड या सहायकाला वर नेलं. वय तीस. त्यांचा पहिलाच सामना बलाढ्य ओहायो स्टेटशी होता आणि तो क्लेमसनने १७-१५ असा जिंकला. तीन वर्षांनी, १९८१च्या हंगामात, फोर्ड यांची टीम बाराच्या बारा सामने जिंकून राष्ट्रीय विजेती झाली. क्लेमसनचं ते पहिलं विजेतेपद. १९९०च्या सुरुवातीला फोर्ड वादातच पायउतार झाले, पण तिशीतल्या सहायकाने इतिहास घडवला, ही गोष्ट गावाच्या मनात घर करून राहिली.

एवढी पार्श्वभूमी. आता मी डोळ्यांनी पाहिलेला भाग.

२००८चा हंगाम सुरू झाला तेव्हा क्लेमसन देशात नवव्या क्रमांकावर धरलं जात होतं. मुख्य कोच टॉमी बाउडन यांचं हे दहावं वर्ष. पहिल्याच सामन्यात अलाबामाने ३४-१० असं लोळवलं. ९ ऑक्टोबरच्या गुरुवारी रात्री वेक फॉरेस्टकडून १२-७ अशी हार झाली. सहा सामने झाले होते, तीन जिंकले, तीन हरले. सोमवारी, १३ ऑक्टोबरला, बाउडन यांनी हंगामाच्या मधेच पद सोडलं. क्रीडासंचालक टेरी डॉन फिलिप्स यांनी उरलेल्या हंगामापुरता कारभार सोपवला तो झेलणाऱ्यांच्या कोचकडे. नाव डॅबो स्विनी, वय अडतीस. खरं नाव विल्यम. मोठा भाऊ लहानपणी त्याला 'दॅट बॉय' म्हणायचा, त्याचं झालं डॅबो.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणी धड जेवलं नाही. मला त्या वादाची हळूहळू गोडी लागली, कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं वाटत होतं.

विरोधकांचं म्हणणं असं : हा माणूस कधी मुख्य कोच नव्हता. मुख्य जाऊ द्या, कधी कोऑर्डिनेटरही नव्हता. म्हणजे पर्यवेक्षक न होता थेट मुख्याध्यापक. अलाबामात तो खेळला, तिथेच सहायक होता, पण २०००च्या हंगामानंतर तिथल्या सगळ्याच कोचमंडळींना काढलं आणि पुढची दोन वर्षं तो बर्मिंगहॅममध्ये इमारतींच्या गाळ्यांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीत होता. २००३ मध्ये बाउडन यांनी त्याला क्लेमसनला आणलं. ज्यांची टीम अपयशी ठरली त्यांच्याच हाताखालचा माणूस कशाला? देशात नाव असलेले, जिंकून दाखवलेले कोच आहेत, त्यांना आणा. आम्ही वर्गणी भरतो ती प्रयोगासाठी नाही.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं : नावाजलेले कोच याच चाहत्यांनी आधी पाहिले आहेत. खेळाडूंना या माणसाबद्दल आपुलकी आहे. शाळकरी पोरांच्या घरी जाऊन, आईबापांशी बोलून त्यांना क्लेमसनला आणण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. सी. जे. स्पिलर हा देशभरातून मागणी असलेला मुलगा फ्लोरिडाहून इथे आला तो स्विनी यांच्यामुळे. आणि हॉवर्ड, फोर्ड हे कोण होते? सहायकच ना?

आमच्या त्या ज्येष्ठ बाई विरोधकांत होत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरले नाही. त्या म्हणाल्या, फोर्ड यांचं उदाहरण देणारे लोक इतर कॉलेजांत वर नेलेल्या आणि बुडालेल्या सहायकांची यादी देत नाहीत. मी सॉफ्टवेअरवाली, मला हा मुद्दा लगेच पटला. जे प्रोग्रॅम चालले त्यांच्याकडेच बघून नियम काढला की तो चुकतो.

फिलिप्स काय करत होते? मैदानावर जाऊन ते सराव पाहत असत. आधीची काही वर्षं झेलणाऱ्यांचा हा कोच खेळाडूंशी कसा वागतो, इतर जागांवरची मुलंही त्याच्याभोवती कशी जमतात, हे त्यांनी पाहिलं होतं. स्टँडमधल्या ऐंशी हजारांना हे दिसत नव्हतं. त्यांना फलक दिसत होता.

स्विनी यांनी पहिल्याच दिवशी आक्रमणाच्या कोऑर्डिनेटरला काढलं. पाच दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, पहिला सामना. त्या दिवशी खेळाडूंना बसमधून उतरवून चाहत्यांच्या गर्दीतून चालवत मैदानात नेलं. ती प्रथा पुढे कायम झाली. सामना मात्र जॉर्जिया टेककडून २१-१७ असा हरले. ऑफिसात दुसऱ्या आठवड्यात 'बघा, सांगितलं नव्हतं?' सुरू झालं. पण उरलेल्या पाचपैकी चार सामने जिंकले. शेवटचा सामना साऊथ कॅरोलायना विद्यापीठाशी होता, म्हणजे आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखाच. तो ३१-१४ ने जिंकला, आणि १ डिसेंबर २००८ रोजी स्विनी यांना कायम केलं. जानेवारीत स्पिलर यांनी व्यावसायिक खेळाकडे न जाता आणखी एक वर्ष क्लेमसनलाच राहायचं ठरवलं. कोट्यवधींचा करार समोर असताना एकवीस वर्षांचा मुलगा थांबला. हे खेळाडूंचं मत होतं. पण चाहत्यांच्या वादात त्याचं वजन फारसं कुणी धरलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. पुढचं वर्ष बरं गेलं : नऊ विजय, पाच पराभव. मग २०१० आलं. सहा विजय, सात पराभव. १९९८ नंतर पहिल्यांदाच हार जास्त. शेजारच्या साऊथ कॅरोलायनाने २९-७ असं हरवलं. आता विरोधक म्हणत होते ते शब्दशः खरं ठरलं होतं. स्विनी यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या पराभवानंतर फिलिप्स त्यांच्या खोलीत आले तेव्हा आता नोकरी गेली अशीच त्यांची खात्री झाली होती. फिलिप्स यांनी उलटंच सांगितलं : माझा तुमच्यावरचा विश्वास आधीपेक्षा वाढला आहे. मला हा प्रसंग विजेतेपदांपेक्षा मोठा वाटतो. नेमणूक करताना धाडस लागतं ते एका दिवसाचं. नेमलेला माणूस पडला असताना त्याच्या खोलीत जाऊन बसायला वेगळं काही लागतं.

त्या हंगामानंतर स्विनी यांनी आक्रमणासाठी नवा कोऑर्डिनेटर आणला आणि वादाचा दुसरा अंक सुरू झाला. चॅड मॉरिस. यांच्याकडे कॉलेज पातळीवरचा अनुभव किती? तुल्सा विद्यापीठातला एक हंगाम. त्याआधी ते टेक्सासमध्ये हायस्कूलच्या मुलांना शिकवत. त्यांनी शाळकरी स्पर्धांत राज्याची विजेतेपदं मिळवली होती, पण शेवटी शाळेचे कोच. 'नवशिक्याने नवशिका आणला' असं आमच्या कॅन्टीनमध्ये बोललं गेलं. मीही हसले होते, हे कबूल करते. २०११ मध्ये त्या शाळेच्या कोचच्या वेगवान आक्रमणावर क्लेमसन दहा सामने जिंकलं आणि व्हर्जिनिया टेकला ३८-१० ने हरवून वीस वर्षांनी आपल्या विभागाचं विजेतेपद घेऊन आलं. वर्ष संपायच्या आत मॉरिस देशातल्या सर्वांत जास्त पगाराच्या सहायकांत गणले जाऊ लागले. वर्षाला तेरा लाख डॉलर.

त्याच हंगामाचा शेवट ४ जानेवारी २०१२ला, ऑरेंज बोलमध्ये. वेस्ट व्हर्जिनियाने क्लेमसनवर सत्तर गुण चढवले. ७०-३३. मी तो सामना मित्रमंडळींच्या घरी पाहिला. मध्यंतरालाच समोरच्यांचे ४९ झाले होते आणि यजमानांनी टीव्हीचा आवाज बंद करून जेवण वाढलं होतं. त्यानंतर बचावाचा कोऑर्डिनेटर बदलला. ओक्लाहोमातून ब्रेंट व्हेनेबल्स आले. तिथे ते १९९९ पासून होते आणि अनुभवाची काही कमी नव्हती, तरी तिथले काही चाहते त्यांच्यावर नाराजच होते. तेव्हा इकडचे म्हणू लागले, तिकडे नको झालेला माणूस आपण का घ्यायचा? म्हणजे अनुभव नसला तर नको, असला तरी नको. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या वादात अनुभव हा शब्द बऱ्याचदा भीतीच्या जागी वापरला जातो.

त्याच वर्षी मी भारतात परत आले, पण निकाल बघत राहिले. मॉरिस २०१४च्या अखेरीस मुख्य कोच म्हणून दुसरीकडे गेले. स्विनी यांनी बाहेरचा मोठा माणूस न आणता घरातल्याच दोन सहायकांना बढती दिली. त्यातले एक टोनी एलियट. इंडस्ट्रियल इंजिनियर, क्लेमसनचीच पदवी. दोन वर्षं मिशेलिन या टायरच्या कंपनीत नोकरी करून मग कोचिंगकडे वळलेले. पुन्हा तीच कुजबुज. पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमावर ४०-६ असा विजय. ९ जानेवारी २०१७ रोजी अंतिम सामन्यात, एक सेकंद उरला असताना झेललेल्या चेंडूवर, क्लेमसनने अलाबामाला ३५-३१ असं हरवलं. पस्तीस वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद. व्हेनेबल्स यांना २०१६चा आणि एलियट यांना २०१७चा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. तो देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला देतात. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा अलाबामाच, ४४-१६, पंधरापैकी पंधरा विजय. २०११ ते २०२२ अशी सलग बारा वर्षं दहा किंवा जास्त विजय.

आता आमच्या त्या ज्येष्ठ बाईंची दुसरी यादीही दिली पाहिजे, नाहीतर हा इतिहास म्हणजे नुसती आरती होईल. तेच चॅड मॉरिस पुढे आर्कान्सॉमध्ये मुख्य कोच झाले आणि दोन हंगामांत चार विजय, अठरा पराभव अशा हिशेबावर त्यांना जावं लागलं. २०२१च्या अखेरीस व्हेनेबल्स आणि एलियट दोघेही मुख्य कोच व्हायला बाहेर पडले, तेव्हा स्विनी यांनी पुन्हा घरातल्याच माणसांना बढती दिली. आक्रमणाच्या नव्या कोऑर्डिनेटरला एकाच हंगामानंतर काढावं लागलं. २०२३ मध्ये दहा विजयांची साखळीही तुटली. तोच नेमणारा, तीच पद्धत, एकदा जमली, एकदा फसली. तेव्हा 'सहायकाला संधी द्या, तो सोनं करेल' असा धडा या इतिहासातून निघत नाही. निघतो तो लहानसा आहे : त्या माणसाला रोज काम करताना कुणी पाहिलं आहे, आणि निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलं का?

आता आपल्या शाळेकडे येते.

जून १९९४. आपण दहावीत गेलो. गणिताचे जुने सर मे महिन्यात निवृत्त झाले होते. दहावीचं बीजगणित आणि भूमिती मुख्याध्यापिका बाईंनी कुणाला दिलं हे तुम्हाला आठवतच असेल. जे सर तोवर फक्त सहावी-सातवी शिकवत, अर्धवेळ होते आणि खेळाचा शिक्षक रजेवर असला की शिटी घेऊन मैदानावर उभे राहत, त्यांना. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही ओळखलंच आहे.

गणित १५० गुणांचं. घरोघरी चर्चा सुरू झाली. आमच्या ओटीवर सात-आठ पालक जमले, चहा झाला आणि अर्ज करायचं ठरलं. मजकूर माझ्या वडिलांनी सांगितला : सदर शिक्षकांस दहावीच्या वर्गाचा अनुभव नाही, आमच्या पाल्यांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तरी अनुभवी शिक्षकाची नेमणूक व्हावी ही विनंती. खाली तेवीस सह्या झाल्या. फुलस्केप कागदावर तो अर्ज ज्या हाताने लिहिला तो हात माझा होता. माझं अक्षर चांगलं म्हणून.

आजवर हे मी आपल्यातल्या कुणाला सांगितलेलं नाही. आणि याहून अवघड गोष्ट पुढे आहे. सहावीत मला त्याच सरांनी गणित शिकवलं होतं. अपूर्णांकांची भीती माझ्या मनातून गेली ती त्यांच्यामुळे. ओटीवर बसलेल्या माणसांपैकी एकानेही त्यांचा तास पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता, वर्षभर. मला कुणी विचारलं नाही हे खरं, पण मीही बोलले नाही. वडील थांबून थांबून सांगत होते आणि मी 'भवितव्याचा' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहीत होते.

मुख्याध्यापिका बाईंनी पालकांना बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि वेळापत्रक बदलणार नाही असं सांगितलं. घरी येऊन वडील रागाने म्हणाले, "बाई म्हणतात, मी वर्गाबाहेर उभी राहून त्यांचे तास ऐकले आहेत. ऐकून काय होतंय?" पुढे चौदा वर्षांनी ग्रीनव्हिलच्या कॅन्टीनमध्ये फिलिप्स सराव पाहतात असं मी ऐकलं, तेव्हा मला आपल्या शाळेचा तो व्हरांडा आठवला.

सुरुवातीला सर अडखळले, हेही लिहायला हवं. जुलैत स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयात ते मधेच थांबले, फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या सांगतो." मागच्या बाकांवर हशा झाला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि तेच प्रमेय दोन पद्धतींनी सिद्ध केलं. दिवाळीनंतर रविवारी सकाळी व्हरांड्यात जादा तास घेऊ लागले, एक पैसा न घेता. बाई तेव्हाही त्यांच्या मागे उभ्या होत्या. व्हरांड्याची किल्ली रविवारी कोण उघडून देत असे, आठवा.

मला १५० पैकी १३८ मिळाले. जुने सर असते तर १४५ मिळाले असते की १२०, हे सांगायचा कुठलाही मार्ग नाही. त्यामुळे वडिलांची भीती चूक होती असं मी म्हणणार नाही. पोरीच्या दहावीची काळजी बापाने करायची नाही तर कुणी? ते आता नाहीत. असते तर हा लेख त्यांना आधी वाचून दाखवला असता. चूक असली तर ती माझी होती. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

पहिल्या घटक चाचणीआधी सर वह्या तपासत होते. माझी वही हातात घेऊन त्यांनी पानं उलटली, मान वर केली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं. लगेच ओळखू येतं." एवढंच. वही परत दिली. त्यांना अर्ज दाखवला गेला होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. वर्षभरात त्यांनी मला कधी वेगळी वागणूक दिली नाही, वाईट नाही आणि मुद्दाम चांगलीही नाही.

आता ऑफिसात बढतीच्या मुलाखती घ्यायची पाळी माझ्यावर येते. समोरच्या माणसाबद्दल कुणी "अनुभव नाही" असं म्हटलं की मी एकच करते. त्याच्या हाताखाली किंवा शेजारी काम केलेल्या दोघांना बोलावून विचारते. दर वेळी निवड बरोबर ठरते असं नाही. दोनदा साफ चुकले आहे. पण ज्यांनी काम पाहिलं आहे ते न विचारल्यामुळे गप्प राहिले, असं होऊ देत नाही.

सर, मेळाव्याला तुम्ही येणार आहात असं संपादक मंडळाने सांगितलं. तो अर्ज माझ्या अक्षरातला होता. तुम्ही ओळखलं होतंत का, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. आणि मुख्याध्यापिका बाई, तो कागद तुम्ही अजून कुठे जपून ठेवला असलात, तर मला परत द्या.